शब्दांची विचारपूस : पाण्याचा बदनाम चुलतभाऊ

गेल्या अंकात एका उत्तराच्या ओघात मी लिहून गेले की इंग्रजीतल्या ‘पॉयझन’ला मराठीत दर वेळी ‘विष’ म्हणू नये. का म्हणू नये, ते लिहायला जागा उरली नव्हती. त्या अर्धवट वाक्यावर पत्रांचा गठ्ठाच आला. काहींनी प्रश्न विचारले, काहींनी झापलं. म्हणून हा अंक सगळा त्या एकाच शब्दाला.

नव्या नोकरीत परदेशी सहकाऱ्यांबरोबर पहिल्यांदाच जेवायला गेलो होतो. साहेबांनी माझ्याकडे वळून विचारलं, “सो, व्हॉट्स युअर पॉयझन?” मी क्षणभर गारच पडलो. मग “नो, थँक यू” म्हणालो आणि सगळे हसले. माझं चुकलं काय?

काहीच चुकलं नाही. साहेब विचारत होते, “काय घेणार?” दारूला थट्टेनं विष म्हणायची ही लकब एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकी बोलीतून पसरली. पिणाऱ्यांनीच ती काढलेली. उपदेश करणारे दारूला विष म्हणायचे, यांनी तोच शब्द उचलून पेल्यात घातला. तुम्ही साधं पाणी मागितलं असतंत तरी चाललं असतं. किंबहुना व्युत्पत्तीच्या दृष्टीनं तेच सगळ्यात चोख उत्तर ठरलं असतं.

कारण ‘पॉयझन’ मुळात विष नव्हताच. लॅटिनमध्ये ‘पोतारे’ म्हणजे पिणं आणि ‘पोतिओ’ म्हणजे पेय, घोट. हा ‘पोतिओ’ जुन्या फ्रेंचमध्ये गेला, तिथे झिजून ‘प्वाझाँ’सारखा झाला. आधी अर्थ नुसता पेय. मग वैद्यानं दिलेला काढा. मग कुणीतरी मुद्दाम करून दिलेला काढा. आणि मग जे व्हायचं ते झालं. बाराव्या-तेराव्या शतकाच्या सुमारास तो इंग्रजीत आला तेव्हा पुरता बिघडलेला होता. तोच लॅटिन शब्द इंग्रजीनं दुसऱ्या वाटेनं पुन्हा घेतला, तो ‘पोशन’, म्हणजे काढा किंवा जादूचा रस. एकाच आईची दोन मुलं, एक वैद्याकडे राहिलं, दुसरं मारेकऱ्याकडे गेलं.

आता आपलं घर बघा. लॅटिन ‘पोतारे’चं मूळ आणि संस्कृत ‘पा’ धातूचं मूळ एकच. त्या ‘पा’पासून पान, पेय, आपलं ‘पिणं’. ‘पाणी’ हा शब्दही तिथलाच, संस्कृत ‘पानीय’, म्हणजे पिण्याजोगं. तेव्हा पॉयझन आणि पाणी हे लांबचे का होईना, चुलतभाऊ. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी हातातला पेला खाली ठेवला होता.

मग त्याआधी इंग्रज विषाला काय म्हणत? ‘आटर’. तो शब्द मेला, पण जाताना कोळ्याच्या एका जुन्या नावात अडकून राहिला. ‘ॲटरकॉप’, म्हणजे विषाच्या डोक्याचा. इंग्रजीच्या काही बोलींत हे नाव अगदी अलीकडेपर्यंत वापरात होतं.

आणि हे एकट्या इंग्रजांचं नाही. जर्मन भाषेत विषाला ‘गिफ्ट’ म्हणतात. मूळ अर्थ ‘दिलेली वस्तू’ असाच, इंग्रजी गिफ्टचा सख्खा भाऊ. जर्मनमध्ये हुंड्याला ‘मिटगिफ्ट’ म्हणतात, तिथे तो जुना अर्थ अजून जिवंत आहे. ग्रीक ‘दोसिस’ म्हणजेही देणं, आणि आपण ज्याला औषधाचा डोस म्हणतो तो तिथून आला (त्याचं मूळ आणि आपल्या ‘देणं’चं मूळ पुन्हा एकच). म्हणजे युरोपात विषाची दोन मोठी नावं ‘घोट’ आणि ‘दिलेलं’ या साध्यासुध्या अर्थांतून निघाली. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे तिसऱ्या पत्रात लागेल. पॉयझन या शब्दात मुळातच एक देणारा हात लपलेला आहे.

‘पिक युअर पॉयझन’ हे मात्र वेगळं प्रकरण. आज त्याचा अर्थ दोन्ही पर्याय वाईट आहेत, तुझा तू निवड. आपण पटकन ‘इकडे आड तिकडे विहीर’ लिहून मोकळे होतो. पण आड-विहिरीत माणूस अडकलेला असतो, आणि इथे समोरचा तबक पुढे करून मिश्किलपणे म्हणतो, घे, कुठलं हवं ते. “बुडायचंच आहे तर जागा तुझी तू ठरव” हे मला जवळचं वाटतं.

भर कार्यक्रमात माझ्या भाच्यानं मला टोकलं, “मामा, साप पॉयझनस नसतो, व्हेनमस असतो.” मी आजवर पॉयझनसच म्हणत आलो. खरं काय?

भाचा बरोबर आहे आणि मामांनी शरमायचंही कारण नाही. जीवशास्त्रवाले आज असा भेद करतात. तुम्ही त्याला खाल्लंत, चाटलंत किंवा हात लावलात आणि तुम्हाला बाधलं, तर तो पॉयझनस. त्यानं तुम्हाला दात किंवा नांगी मारली आणि विष आत सोडलं, तर तो व्हेनमस. म्हणून नाग व्हेनमस, आणि चुकीचा कापलेला पफर मासा पॉयझनस.

पण हा भेद पूर्वी इतका कडक नव्हता. १६११ सालच्या इंग्रजी बायबलात सापाच्या ओठाखालच्या विषाला पॉयझनच म्हटलंय. भाच्याला हे जरूर सांगा. आणि वर जपानमधल्या एका सापाचीही गोष्ट सांगा, राब्डोफिस टायग्रिनस त्याचं नाव. हा विषारी भेक खातो, त्यांचं विष मानेतल्या ग्रंथींत साठवून ठेवतो, आणि शिवाय त्याच्या मागच्या दातांतून स्वतःचं विष चावून सोडतो ते वेगळंच. म्हणजे पॉयझनसही आणि व्हेनमसही. उलट कोलंबियातले ते पिवळेधमक बेडूक, ज्यांच्या पाठीवर एम्बेरा लोक फुंकणीचे बाण घासत, ते पिंजऱ्यात वाढवले की निरुपद्रवी होतात. त्यांचं विष त्यांच्या जंगलातल्या खाण्यातून येतं. ते स्वतः तयार करत नाहीत.

मराठीत दोन्हींना ‘विषारी’ म्हणून आपण गरीब आहोत, असा एका पत्रलेखिकेचा सूर आहे. मला तसं वाटत नाही. इंग्रजीनं हा भेद विशेषणात ठेवला, आपण क्रियापदात ठेवला. साप डसतो, विंचू नांगी मारतो, अळंबी बाधते. विष चढतं, भिनतं आणि उतरतं. उतरतं म्हणूनच त्याच्यावरच्या औषधाला ‘उतारा’. इंग्रजी ‘अँटिडोट’ पाहा, त्याचा मूळ अर्थ ‘विरुद्ध दिलेलं’. तिथे पुन्हा देणारा हात. आपल्याला देणाऱ्याशी कर्तव्य नाही, आपलं लक्ष अंगातल्या चढ-उताराकडे.

जाता जाता ‘व्हेनम’बद्दल. व्युत्पत्तिकार त्याचं मूळ व्हीनस देवीच्या नावाशी जोडतात. म्हणजे आधी तो प्रेमात पाडणारा काढा होता. पुढे काय झालं ते तुम्हाला ‘पोतिओ’वरून कळेलच.

आणि आपल्या ‘विष’चा सख्खा लॅटिन भाऊ कोण माहीत आहे? ‘व्हायरस’. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ विष, चिकट घाण स्राव. १८९८ साली मार्टिनस बायरिंक या डच शास्त्रज्ञानं तंबाखूच्या पानांवरचा रोग पसरवणाऱ्या, गाळणीतूनही पार जाणाऱ्या त्या कशालातरी हे नाव लावलं. पुढे कुणीतरी मराठीत त्याला ‘विषाणू’ केलं. शब्द हजारो वर्षं वेगवेगळ्या वाटांनी फिरून शेवटी भावाच्याच घरी उतरला. पारिभाषिक शब्दांवर मी एरवी फार दात खाते, पण हा शब्द ज्यानं केला त्याला मनापासून नमस्कार.

(एका वाचकानं विचारलंय, ‘विषण्ण’ आणि ‘विषाद’ यांत विष आहे का. नाही. ते ‘वि’ अधिक ‘सद्’, म्हणजे खाली बसणं, खचणं.)

मी वृत्तपत्रात नवीन आहे. ‘फूड पॉयझनिंग’ला ‘अन्नातून विषबाधा’ म्हणायचं, एवढं मला सांगितलंय. पण ‘पॉयझन्ड’ आलं की मी दर वेळी अडखळते. काही नियम आहे का?

आहे, आणि तो मी फार महागात शिकले.

नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मी रात्रपाळीला होते. दीड वाजून गेलेला, पान सोडायची घाई, आणि टेलिप्रिंटरच्या पट्टीवर एक चार ओळींची बातमी उतरली. ‘फॉर्टी गेस्ट्स पॉयझन्ड ॲट वेडिंग’. एका कोपऱ्यात तेवढीच जागा रिकामी होती. मी झरझर मथळा केला, ‘लग्नात ४० पाहुण्यांवर विषप्रयोग’. वाचून पाहिला, भारदस्त वाटला, पान गेलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी झोपेतून उठवून मला ऑफिसात बोलावलं. वधूचे वडील येऊन बसले होते. चिडलेले असते तर बरं झालं असतं, पण ते अगदी हळू बोलत होते. म्हणाले, “ताई, जेवण बाधलं हो, उन्हात राहिलं होतं. तुम्ही लिहिलंत विषप्रयोग. आता माझे व्याही विचारतायत, कुणी केला?” मी पट्टी काढून त्यांना दाखवली, हे पाहा, इंग्रजीत असंच आहे. त्यांनी ती वाचली. मग पट्टी घडी करून मला परत दिली आणि म्हणाले, “इंग्रजीत कुणी केला ते नाही. तुम्ही मात्र कुणीतरी आणलात.”

दुसऱ्या दिवशीच्या अंकात खुलासा छापला. पण भाषेचा इतका नेमका धडा मला नंतर कुठल्या प्राध्यापकानं दिला नाही.

तर नियम असा. इंग्रजी ‘पॉयझन्ड’ एकच क्रियापद आहे आणि ते कर्ता गिळून बसतं. मराठीत तीन वेगळे शब्द आहेत आणि प्रत्येकात कर्ता ठरलेला आहे. विषबाधा : कुणी केलं नाही, झालं. विषप्रयोग : कुणीतरी दुसऱ्यावर केला. विषप्राशन : माणसानं स्वतः घेतलं. म्हणजे इंग्रजी बातमीत जे पोलिसांनी अजून ठरवलेलं नाही, ते मराठी उपसंपादक रात्री दीडला एका शब्दात ठरवून टाकतो. कळलं नसेल तर ‘विषबाधा’ लिहा. तपास झाला की ‘विषप्रयोग’ लिहायला दुसरा दिवस आहेच.

दुसरी मेख. ‘पॉयझन्ड’ म्हणजे मेला असं नाही. २००६ साली लंडनमध्ये रशियाचे माजी गुप्तहेर अलेक्झांडर लिटविनेन्को यांच्या पोटात किरणोत्सर्गी पोलोनियम गेलं आणि तीन आठवड्यांत ते गेले. २००४ साली युक्रेनमध्ये निवडणुकीच्या ऐन धामधुमीत व्हिक्टर युश्चेन्को यांना डायॉक्सिन दिलं गेलं, चेहरा ओळखू येईना इतका बिघडला, पण ते वाचले आणि पुढच्याच जानेवारीत अध्यक्ष झाले. दोघांच्याही बातमीत क्रियापद तेच, ‘वॉज पॉयझन्ड’. दुसऱ्याच्या बाबतीत कुणी ‘विष देऊन मारलं’ लिहिलं असतं तर अध्यक्षांनी स्वतः फोन केला असता.

बाकीचे पटापट सांगते. ‘ब्लड पॉयझनिंग’मध्ये विष कुणी घातलेलं नसतं, जंतूंचा संसर्ग रक्तात पसरलेला असतो, तेव्हा तसंच लिहा. ‘लेड पॉयझनिंग’ म्हणजे शिशाची विषबाधा, ती वर्षानुवर्षं हळूहळू होते. ‘अल्कोहोल पॉयझनिंग’ला मात्र ‘विषारी दारू’ अजिबात लिहू नका. विषारी दारू म्हणजे भेसळीची, मिथेनॉलवाली. इथे दारू चांगली असते, प्रमाण सुटलेलं असतं. पॅरासेल्सस या युरोपातल्या वैद्यानं १५३८ साली हेच म्हणून ठेवलंय की सगळ्यातच विष आहे, ते विष आहे की नाही हे फक्त मात्रा ठरवते. पाण्याचंही अति झालं तर रक्तातलं सोडियम उतरून माणूस दगावू शकतो. चुलतभाऊ म्हटलं ते उगाच नाही.

एका पुस्तकात ‘एकाचे मांस ते दुसऱ्याचे विष’ असं वाक्य वाचलं. लेखकाला काय म्हणायचं असेल?

लेखकाला काही नाही, अनुवादकाला डुलकी लागली होती. ‘वन मॅन्स मीट इज अनदर मॅन्स पॉयझन’ या म्हणीतलं ‘मीट’ म्हणजे अन्न. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ तेवढाच होता. ‘स्वीटमीट’मध्ये कुठे मांस असतं? रोमन कवी लुक्रेशियसनं इसवी सनाच्या आधीच हे म्हटलंय, आणि त्याच्याही ओळीत अन्नच आहे. “एकाला मानवतं ते दुसऱ्याला बाधतं.” झालं.

कंपनीच्या कामात ‘पॉयझन पिल’, ‘पॉयझन्ड चॅलिस’ असे शब्द येतात. ‘विषाची गोळी’, ‘विषारी प्याला’ असं भाषांतर केलं तर वरिष्ठ हसतात.

वरिष्ठांना हसू द्या, पण दुसऱ्या शब्दावर ते बरोबर हसतात.

इंग्रजीत ‘पॉयझनस’ आणि ‘पॉयझन्ड’ यांत मोठा फरक आहे. पॉयझनस म्हणजे जात्याच विषारी, जसं अळंबी. पॉयझन्ड म्हणजे मूळचं चांगलं, कुणीतरी त्यात विष कालवलंय. प्याला जात्या विषारी नसतो. शेक्सपियरच्या ‘मॅकबेथ’मध्ये खून करायला निघालेला माणूस थबकून स्वतःशी म्हणतो की आपण कालवलेला विषाचा प्याला न्याय आपल्याच ओठांशी आणून लावतो. आजच्या इंग्रजीनं त्यातली न्यायाची बाजू टाकून दिली. आता ‘पॉयझन्ड चॅलिस’ म्हणजे दिसायला मानाचं, मिळाल्यावर घात करणारं पद. बुडत्या खात्याची बढती. कुणाला ती मिळाली तर मी मराठीत म्हणेन, “हार घातलाय खरा, पण मान जपून.” किंवा सरळ, ‘विष कालवलेला मानाचा प्याला’. ‘कालवणं’ हे क्रियापद हातचं सोडू नका, त्यात तो देणारा हात दिसतो.

‘पॉयझन पिल’ची गोष्ट उलटी. तिथे हात स्वतःचाच असतो. पकडले गेलो तर खायची म्हणून हेर जवळ गोळी बाळगत, त्यावरून हे नाव. मार्टिन लिप्टन या न्यूयॉर्कच्या वकिलानं १९८२ साली ही युक्ती काढली. कुणी परका कंपनीचे शेअर गोळा करत ठरावीक टक्क्यांपुढे गेला, की त्याला सोडून बाकीच्या सगळ्या भागधारकांना स्वस्तात नवे शेअर घेता येतात. परक्याचा वाटा पातळ होतो आणि खरेदी परवडेनाशी होते. एप्रिल २०२२ मध्ये ट्विटरच्या संचालकांनी इलॉन मस्क यांच्याविरुद्ध ही गोळी तयार ठेवली, मर्यादा १५ टक्के. दहा दिवसांत त्यांनीच मस्क यांचा देकार मान्य केला आणि गोळी डबीतच राहिली. बहुतेक वेळा ती डबीतच राहते, धाक दाखवून वाटाघाटीला बसवणं हेच तिचं काम. अहवालात ‘पॉयझन पिल’च ठेवा आणि पहिल्यांदा येईल तिथे एक ओळ समजावून सांगा. नवा शब्द पाडायच्या नादाला लागू नका.

माझी मुलगी येता-जाता ‘टॉक्सिक’ म्हणते. मैत्रीण टॉक्सिक, ऑफिस टॉक्सिक, परवा मलाही म्हणाली. याला मराठी शब्द नाही का?

तुम्हाला म्हणाली याचं वाईट वाटलेलं दिसतंय. त्यावर माझ्याकडे औषध नाही, शब्दाचं तेवढं सांगते.

ग्रीक ‘तोक्सोन’ म्हणजे धनुष्य. बाणाला लावायच्या विषाला ते ‘तोक्सिकोन’ म्हणत, म्हणजे शब्दशः ‘धनुष्याचं’. पुढे धनुष्य गळून पडलं, विष राहिलं. २०१८ साली ऑक्सफर्डच्या कोशकारांनी ‘टॉक्सिक’ला वर्षाचा शब्द ठरवलं, तोवर तो रसायनांपासून नात्यांपर्यंत सगळीकडे पोचला होता. २००८ च्या आर्थिक पडझडीत तर बँकांकडची बुडीत कर्जरोखेसुद्धा ‘टॉक्सिक’ झाले होते.

मराठी शब्द नाही कसा? ढिगानं आहेत, अडचण तीच आहे. बोलणं कुजकट असतं, खवचट असतं, टोमणे असतात. टीका जहरी, प्रचार विखारी. (‘विखारी’तलं ‘विख’ म्हणजे विषच, जुन्या मराठीत ‘ष’चा ‘ख’ होई.) दुसऱ्याचं चांगलं न बघवणारी जळकुकडी. इकडचं तिकडे सांगून ‘कान भरणारा’, याला इंग्रजीत ‘मन पॉयझन करणारा’ म्हणतात. संसारात किंवा मैत्रीत ‘विष कालवणारा’. यातला प्रत्येक शब्द समोरचा नेमकं काय करतो ते सांगतो. ‘टॉक्सिक’ ते सांगत नाही. तो फक्त एवढंच सांगतो की या माणसाजवळ मला बाधतं. म्हणून मुलांना तो सोयीचा वाटतो, आरोपपत्र न देता निकाल देता येतो. ‘विषारी बाई’ हे भाषांतर करू नका, ते रहस्यकथेतलं वाटतं. पुढच्या वेळी लेकीला विचारा, “म्हणजे नक्की काय, कुजकट की खवचट?” भांडण झालं तरी मुद्द्याचं होईल.

वादविवाद स्पर्धेत परीक्षकांनी शेरा मारला, ‘पॉयझनिंग द वेल’. मी तर प्रतिस्पर्ध्याबद्दल फक्त एवढंच म्हटलं होतं, “हे आता जे सांगतील ते त्यांच्या फायद्याचंच असणार.”

तेच ते. समोरच्यानं तोंड उघडायच्या आत त्याचा प्रत्येक शब्द संशयित करून ठेवायचा. मग तो जे काही बोलेल ते त्या विहिरीतलं पाणी. हा शब्दप्रयोग तर्काच्या चर्चेत रुळवला तो जॉन हेन्री न्यूमन या इंग्रज धर्मगुरूंनी, १८६४ साली. त्यांच्यावर खोटेपणाचा आरोप झाला होता, आणि त्यांची तक्रार अशी की आता मी खरं बोललो तरी लोक म्हणणार, हा खोटं बोलण्यात पटाईत आहे.

पण या शब्दाखालची विहीर खरी आहे आणि फार खोल आहे. युरोपात १३४८-४९ मध्ये प्लेग पसरला तेव्हा ज्यूंनी विहिरींत विष टाकलं अशी आवई उठली. छळ करून कबुलीजबाब घेतले गेले. पोप सहावे क्लेमंट यांनी १३४८ मध्ये फर्मान काढून सांगितलं की ज्यूही याच रोगानं मरतायत, जिथे ज्यू नाहीत तिथेही रोग आहे, मग त्यांनी तो कसा पसरवला? कुणी ऐकलं नाही. १४ फेब्रुवारी १३४९ ला स्ट्रासबर्गमध्ये शेकडो ज्यूंना जिवंत जाळलं. म्हणजे विहिरीत विष कुणी टाकलंच नव्हतं, टाकल्याची वार्ता टाकली गेली होती. न्यूमन यांनी ज्या अर्थानं शब्द वापरला तो अर्थ या घटनेत आधीच घडून गेलेला आहे. ‘पाण्यात विष कालवणं’ एवढं म्हटलं की मराठीत पोचतं.

कायद्यातलं ‘फ्रूट ऑफ द पॉयझनस ट्री’ही याच पत्रात विचारलंय. ते अमेरिकेतलं. १९३९ साली न्यायमूर्ती फेलिक्स फ्रँकफर्टर यांनी वापरलं. बेकायदा मार्गानं मिळवलेल्या माहितीतून जो पुढचा पुरावा हाती लागतो, तोही बाद. झाड विषारी, तर फळही विषारी. इथे ‘पॉयझनस’ हेच बरोबर, कारण दोष मुळात आहे, मागाहून कालवलेला नाही. ‘विषवृक्षाचं फळ’ हे भाषांतर मला आवडतं.

रसायनशास्त्रात उत्प्रेरकाला ‘पॉयझन’ होतं, असं शिकवतात. निर्जीव वस्तूला विष कसं बाधेल? हा अलंकारिक प्रयोग मानायचा का?

सुरुवातीला असेल. आता तो पक्का पारिभाषिक झालाय, आणि मला वाटतं फार अचूकही आहे. गाडीच्या धुराड्यात बसवलेल्या कन्व्हर्टरमध्ये प्लॅटिनम या उत्प्रेरकाच्या पृष्ठभागावर विषारी वायूंचं रूपांतर होतं. पेट्रोलमध्ये शिसं असेल तर ते त्या पृष्ठभागाला चिकटून बसतं, जागा अडवतं, आणि थोडक्या शिशानं अख्खा कन्व्हर्टर मेल्यासारखा होतो. म्हणून अमेरिकेत १९७५ च्या गाड्यांपासून बिनशिशाचं पेट्रोल लागलं. पॅरासेल्ससला हे दाखवलं असतं तर त्यानं मान डोलावली असती.

सगळ्यात नाट्यमय किस्सा अणुभट्टीचा. सप्टेंबर १९४४ मध्ये अमेरिकेत हॅनफर्डची भट्टी पेटवली. काही तास झकास चालली आणि मग कुणी हात न लावता आपोआप मंदावत बंद पडली. दुसऱ्या दिवशी पुन्हा आपोआप तयार. जणू विष चढलं आणि उतरलं! गुन्हेगार निघाला झेनॉन-१३५. भट्टी चालताना तो तयार होतो, भट्टी ज्या न्यूट्रॉन कणांवर चालते ते अधाशासारखे गिळतो आणि अणुविभाजनाची साखळी तोडतो. साधारण नऊ तासांत तो निम्मा होतो, म्हणून उतार पडला. अभियंत्यांनी १५०० नळ्यांची गरज असताना आधीच २००४ नळ्यांची जागा करून ठेवली होती. जादा नळ्यांत इंधन भरलं आणि विषावर मात झाली. याच झेनॉनचा चेर्नोबिलच्या १९८६ च्या स्फोटातही हात होता. भट्टी मंदावली, चालवणाऱ्यांनी ती हट्टानं वर आणायला नियंत्रक कांड्या बाहेर ओढल्या.

याला ‘झेनॉनचं विष चढणं’ म्हणावं असं मी एका शास्त्रज्ञांना सुचवलं होतं. ते फार हसले. पण पुढच्या व्याख्यानात तसंच म्हणाले.

संख्याशास्त्राच्या वहीत मी ‘पॉयझन वितरण’ लिहिलं आणि सरांनी लाल शाईनं तीनदा अधोरेखित केलं. त्यात विष कुठून आलं?

तुमच्या एका ‘एस’मधून. सिमेऑं देनी प्वासाँ हे एकोणिसाव्या शतकातले फ्रेंच गणिती, त्यांच्यावरून ‘प्वासाँ वितरण’, आणि त्यांच्या नावात दोन एस आहेत. फ्रेंचमध्ये दोन एस असले की ‘प्वासाँ’, म्हणजे मासा. एकच असला की ‘प्वाझाँ’, म्हणजे विष. फ्रेंच शिकणारा प्रत्येक जण एकदा तरी उपाहारगृहात विष मागवतो.

या उत्तराचं मुद्रित मी दोनदा तपासलं. पहिल्या खेपेला आमच्याकडेही ‘पॉयझन वितरण’ असंच जुळून आलं होतं, तेही गणितज्ञांच्या नावाच्या जागी.